घागर भरेपर्यंत सा

काल उदगीरला गुरुजींकडे गेलो... तब्बल अठरा वर्षांनी. खिशात मोबाईल आणि हेडफोन.

गुरुजींचं कापडाचं दुकान होतं. कपाळाला विभूती लावून दिवसभर कापड मोजायचे आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत आम्हाला ख्याल शिकवायचे. मी सिनेमाला संगीत द्यायला लागलो तेव्हा एवढंच म्हणाले, "शिनेमात गेलास तर इकडं येऊ नको." मीही हट्टी... गेलोच नाही.

यंदा एका सिनेमाचं काम आलं. दुष्काळातल्या गावात एक बाई बारीक धारेखाली घागर लावून बसलीय, बोलत काहीच नाही. तिथे संगीत हवं होतं. मी शिकलो होतो ते सगळं ओतलं. सारंगी, व्हायोलिनचा ताफा, राग मारवा...

दिग्दर्शिकेने तीनदा परत पाठवलं. म्हणाली, "सर, मैफल छान झालीय, पण माझी बाई दिसेनाशी होते." राग आला... कारण तिचं खरं होतं.

मग ते दिवस आठवले. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या, पाणी मात्र येईना. दुकानासमोरच्या नळाला करंगळीएवढी धार. गुरुजींनी शिकवणी तिथेच हलवली... आपली घागर नळाखाली लागली की सा लावायचा, भरेपर्यंत सोडायचा नाही. श्वास चोरून घ्यायचा.

रांगेतल्या बाया हसायच्या. "मास्तर, ह्याच्या गाण्यानं धार वाढायली का बघा." लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. घागर काठाला आली की गुरुजी तिच्यावर अंगठी वाजवायचे... "भरली. सोड."

स्टुडिओत सगळी वाद्यं काढून टाकली. पडद्यावरची घागर भरेपर्यंत फक्त सा लावला, माझ्याच घोगऱ्या आवाजात. या वेळी दिग्दर्शिकेने परत पाठवलं नाही.

तेच गुरुजींना ऐकवायचं होतं. आता ते खाटेवरच असतात, डोळ्यांनी दिसत नाही. पाया पडलो, नाव सांगितलं.

"शिनेमाचं हाय का?"

"हो गुरुजी."

वाटलं, आता जा म्हणतील. मग त्यांनीच हात पुढे केला आणि मी हेडफोन लावून दिला.

त्यांच्या कानात माझा सा आणि पाण्याचा आवाज. मी मोबाईलच्या पडद्यावरची घागर बघत होतो. ती काठाला आली... आणि खाटेच्या लोखंडी दांडीवर अंगठी वाजली.

"भरली. सोड."

मला रडू आवरेना. गुरुजींनी हेडफोन काढला, तोंड वाकडं केलं. "गळा लई खराब करून ठिवलास. उद्या सकाळी येऊन बस."

परतीचं तिकीट रद्द केलं. आज सकाळी, पिकल्या केसांनिशी, गुरुजींसमोर सा लावून बसलो... त्यांनी अजून सोड म्हटलेलं नाही.