सासरे विरुद्ध धडाडवीर

माझे सासरे जगाचा नाश करायला निघाले, ते केवळ माझ्यामुळे.

तसे ते आंबवड्याचे सज्जन गृहस्थ. भोरच्या स्टँडवर तीस वर्षं एसटीचे कंट्रोलर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी त्यांना बघून ड्रायव्हर लोक अजून घाईघाईनं चहा संपवतात. मी त्यांना मामा म्हणतो. चष्म्यावरून बघत त्यांनी नुसतं "असं व्हय?" म्हटलं, की समोरचा माणूस न केलेले गुन्हेही कबूल करतो. (मी केलेत.) आणि रुसले की संपलं! माझा साडू एकदा त्यांना म्हणाला, "मामा, आता तुमचं वय झालं." अडीच वर्षं त्याच्याशी अबोला.

आता माझ्याविषयी. वय बावन्न, भोरच्या एका कचेरीत कारकून आणि सत्तावीस वर्षं 'धडाडवीर' या चित्रमासिकाचा इमानी वाचक. धडाडवीर म्हणजे निळी चड्डी घालून आकाशातून उडणारा आमचा महावीर. मासिकाच्या शेवटच्या पानावर 'तुमचं मत कळवा' असं सदर असतं. मी दर महिन्याला कळवतो! धडाडवीराला स्वेटर द्या, वर गारठा असतो. त्याचं लग्न लावू नका. लावलंच तर सासर लांबचं बघा. सत्तावीस वर्षांत एक मत छापलं असेल तर शपथ!

"अहो, त्या चड्डीवाल्याला पत्रं काय लिहिताय," नंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणायची. "त्यापेक्षा मोरीतला नळ बघा. महिनाभर गळतोय."

अशात अंकात आवाहन आलं. धडाडवीराला नवा खलनायक हवा आहे, वाचकांनी सुचवावा! मी तीन दिवस डोकं खाजवलं. काही म्हणजे काही सुचेना. चौथ्या दिवशी मामांचा फोन आला.

"पुढल्या म्हैन्यात धोंड्याच्या जेवनाला यायचं. मागल्या धोंड्याला अर्धा तास लेट आला व्हता." (तीन वर्षांपूर्वी!)

"मामा, तेव्हा टायर पंक्चर..."

"असं व्हय?"

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. दरारासुर! झुपकेदार मिशी, डाव्या गालावर मस, गळ्यात शिट्टी, काखेत छत्री. शस्त्रबिस्त्र काही नाही. चष्म्यावरून बघत "असं व्हय?" म्हणायचं, की समोरच्याची सगळी शक्ती गुल! माझी चित्रकला यथातथाच, म्हणून पाकिटात मामांचा फोटोच घातला. मागे लिहिलं, 'साधारण असा.'

पुढचा अंक आला. मुखपृष्ठावर मामा! साधारण नाही, हुबेहूब! मसासकट! आणि आत 'कल्पना' असं लिहून खाली माझं पूर्ण नाव, गावासकट. मत नाही तर नाही, नाव तरी छापलं! आनंदानं उडी मारली आणि ती खाली येईपर्यंत खरे मामा आठवले.

स्टँडवरच्या स्टॉलवर सहा अंक होते. सहाही उचलले.

"पाहुण्यांत वाटणार काय?" स्टॉलवाल्यानं विचारलं.

"तेच टाळतोय," मी म्हणालो आणि तसाच किकवीला जाऊन तिथले दोनही घेऊन आलो. आठच्या आठ गव्हाच्या पिंपात लपवले. त्याच संध्याकाळी नंदाला दळण काढायची हुक्की आली!

"हे... आबा?" तिनं अंक डोळ्यांपाशी नेला.

"छे छे! योगायोग."

"मस डाव्या गालावर आहे. शर्ट मी घेतलेला आहे." मग ती पिंपाशेजारीच खाली बसली. "आबांनी आपल्याशी बोलणं टाकलं ना, तर माझं माहेर तुटेल. तुम्हाला गंमत सुचते हो."

तिचे डोळे भरले होते. मला मनापासून लाज वाटली. पण अंक सगळे आपल्याच ताब्यात आहेत, कुणाला कळणारे, अशी मी तिची आणि माझी समजूत घातली.

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. आंबवड्याला मी रांगोळी काढलेल्या पाटावर बसलो. पंचाहत्तरीचे मामा वाकून माझे पाय धुवायला लागले.

"पाय का कापत्यात, जावईबापू?"

"पाणी गार आहे, मामा."

"ऊन पानी हाय."

पुरणाचे धोंडे घशाखाली उतरेनात. नंदा मात्र कौतुकानं माझे फोटो काढत होती. जेवण झालं आणि मामा वाण घेऊन आले. तांब्याचं ताट, त्यात तेहतीस अनारसे, वर जरीचा रुमाल.

"उघडा," मामा म्हणाले.

मी रुमाल काढला. अनारशांवर अंक, अंकावर दरारासुर! नंदाच्या हातातली तुपाची वाटी खाली पडली.

"सलूनवाल्याकडं पोस्टानं येतं ह्ये," मामा सांगायला लागले. "माजी अर्धी दाढी झाल्ती. समदी मानसं एकदा पुस्तकाकडं, एकदा माज्याकडं. ह्ये तुमचं काम?" आणि चष्म्यावरून बघितलं. "असं व्हय?"

"हो मामा! आणि ते पंक्चरही खोटं होतं! मी झोपलो होतो!"

"त्ये मला ठावं हाय. शेवटचं पान काढा."

मी काढलं. धडाडवीर दरारासुराची गचांडी धरून त्याला भाटघर धरणात बुचकळत होता.

"म्या तीस वर्सं स्टँड सांबाळला," मामांचा आवाज चढला, "आन् ह्यो चड्डीवाला मला बुडिवतो? ह्ये पटत न्हाई!"

"मला बी न्हाई पटलं," सासूबाई आतून म्हणाल्या.

"ल्हिवा पत्र!"

कपाळाला कुंकू लावलेल्या विष्णूनं तिथंच पाटावर बसून पत्र लिहिलं. मामांनी खाली सही ठोकली. नंदाचा जीव भांड्यात पडला. मग अख्ख्या आंबवड्यानं पत्रं धाडली. पुढच्या अंकात मतांचं पान त्यांचंच! 'दरारासुर हरणं शक्य नाही.' 'दरारासुर पुन्हा आणा.' संपादकांनी त्याला कायम केला. मामांना आता सलूनमध्ये नंबर लावावा लागत नाही.

पण एक अडचण होती. शीर्षक धडाडवीराचं, म्हणजे शेवटी जिंकायचं त्यानंच. मग संपादकांनी परस्पर मामांनाच विचारलं, दरारासुर हरावा तरी कसा? मामांनी उत्तरात एक फोटो पाठवला. पाटावर बसलेला मी, तोंडात धोंडा!

आता दरारासुराला एक मदतनीस आहे, जावईकुमार. दर महिन्याला जगाचा नाश अगदी हातातोंडाशी येतो आणि हा गृहस्थ स्कूटर पंक्चर झाली म्हणून अर्धा तास उशिरा पोचतो.

गेल्या महिन्यात वेल्ह्याच्या एका वाचकाचं मत छापून आलं, 'जावईकुमार हे पात्र मुळीच पटत नाही. इतका बावळट माणूस खऱ्या आयुष्यात असूच शकत नाही.'

माझं डोकं फिरलं. मी रात्री बसून चांगलं चार पानी, दाखल्यांसकट उत्तर लिहिलं. संपादकांनी ते कापूनकुपून या अंकात छापलं. सत्तावीस वर्षांनंतर छापून आलेलं माझं पहिलं मत! एकच शब्द उरलाय: 'असतो.'

खाली माझं पूर्ण नाव, गावासकट.