कोरड्या रानाचं कासव

उभ्या मद्रासेत मी हेवा केला तो एकाच माणसाचा, आणि त्याच्यापाशी हेवा करण्याजोगं म्हणाल तर एक छत्री आणि दोन वेष्ट्या, म्हणजे इकडची लुंगीवजा धोतरं! माझ्या बायकोचा हा थोरला भाऊ, म्हणजे माझ्या लेकीचा मामा. तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे सड्याफटिंगांच्या चाळीत, एकटा खोली घेऊन राहायचा, शाळेत चित्रकला शिकवायचा आणि उरलेला सगळा जन्म कासवांना वाहिलेला. मी साताऱ्याहून नोकरीसाठी आलेला. त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेले. मराठीही तेव्हाचीच, वर तमिळ हेल. मी काही सांगू लागलो की माझी लेक चुळबुळ करायची, आणि हा नुसतं ‘अय्यो, ऐक’ म्हणाला की पाट पुढे ओढायची. आता सांगा, बापाला काय वाटेल?

दर रविवारी आमच्या मैलापूरच्या घरी हा जेवायला यायचा. बरोबर चित्रांची वही. ‘पाय बघा, भाऊजी, पाय! वल्हं असलं तर समुद्रातलं, बोटांत पडदा असला तर तळ्यातलं, हत्तीसारखा खांब असला तर कोरड्या रानातलं.’ मी मुद्दाम वर्तमानपत्र उघडून बसायचो. मला बढती मिळाली तेव्हा चार माणसं जेवायला बोलावली होती. हा आला तासभर उशिरा, पोटऱ्यांना वाळू. समुद्रकाठी एका कासविणीने अंडी घातली होती आणि दीड महिना हा रोज पहाटे छत्री घेऊन त्या खड्ड्याची राखण करत होता, कुत्र्यांनी उकरू नये मणून. (हे ‘मणून’ त्याचंच.) त्या दिवशी पिल्लं पाण्यात गेली होती. इवलंसं पिल्लू लाटेकडे कसं धावतं, ते त्याने पाटावर दोन हात टेकून दाखवलं, आणि सगळी पंगत खरकटे हात वाळवत ऐकत राहिली. माझा साहेबसुद्धा! बढतीचं कोणी नाव काढेना. माझ्यापुरतं श्रीखंड तिथेच आंबलं.

पण खरा घाव बसला लेकीच्या सातव्या वाढदिवसाला. मी माउंट रोडवरून डोळे मिटणारी बाहुली आणली, आणि मामाने आणलं कासव. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या. तासाभरात बाहुलीचा झगा कासवाच्या अंगावर, आणि माझी बाहुली उघडीवाघडी कपाटाखाली. शाळेतून आली की पोरगी आधी कासवापाशी. ‘मामाचं कासव, मामाचं कासव!’ माझं डोकं फिरलं. एका रविवारी मायलेकी देवळात गेल्या, तेव्हा मी ते उचललं आणि मागच्या अंगणातल्या आडाशी गेलो. आडात एक कासव होतंच, मजेत राहत होतं. म्हटलं, यालाही सोडावं पाण्यात. वर पुण्य लागेल आणि पीडाही जाईल. बादलीत घालून खाली सोडलं आणि दोर हिसडला.

त्याने चार पाय झाडले, नाक वर काढलं, आणि बुडू लागलं. तेव्हा मला ते पाय दिसले. खांब! इतके रविवार ऐकलं होतं मी, पण ऐकलंच नव्हतं. बादली टाकतोय, ती त्याला लागत नाही, आणि तेवढ्यात मामा जेवायला आला. त्याने वेष्टी खोचली, खोबण्यांत पाय देत आडात उतरला आणि कासव वर आणलं. ते उलटं धरून त्याने त्याचे पुढचे पाय हळूहळू ओढले, सोडले. तोंडातून पाणी आलं, मग मान हलली.

‘पडलं वाटतं,’ मी म्हणालो.

त्याने कमरेएवढ्या कठड्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या दोराकडे. ‘पडलं,’ तो म्हणाला.

लेक आली नि रडू लागली. ‘एवढ्या उंच चढलं कसं?’

‘हौस, दुसरं काय?’ मामा म्हणाला. छातीत गारठा भरलाय म्हणून त्याने कासव मॅन्शनच्या गच्चीवर उन्हाला नेलं, आणि पुढे ते तिथेच राहिलं. मला वाचवलं त्याने, आणि मी मेला आणखीच जळलो. खोटंसुद्धा माझ्यापेक्षा छान बोलतो!

पुढे निवृत्त होऊन तो तंजावरला निघाला. एग्मोर स्टेशनवर टोपलीतलं कासव काढलं, तेव्हा लेकीने हात पुढे केले. त्याने ते माझ्या हातात दिलं आणि कानाशी येऊन म्हणाला, ‘तुम्हीच सांभाळा, भाऊजी. ह्यास पाण्यात घालूं नये, हें ह्या घरांत तुम्हांइतकं पक्कं कोणास ठाऊक?’ गाडी सुटेपर्यंत मला मान वर करवेना.

आता लेक सासरी आहे. मामाही गेला; तंजावरहून कार्ड आलं, त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही. कासव मात्र आहे. दुपारी मी अंगणात काकडी चिरायला बसलो की कुठूनसं येतं, खांबासारखे पाय टाकत थेट माझ्यापाशी. बायकोने हाक मारली तर ढिम्म हलत नाही. फक्त माझ्याकडे येतं. हे एकदा, एकदाच, त्याला दाखवायचं होतं.