उजवा कोपरा

आमच्या घरातला कुठलाही फोटो काढा, बाबा टोकाला सापडतील. भावाचं लग्न, भाचीचं बारसं, सगळीकडे तेच. गिरणीच्या उद्घाटनाच्या फोटोत तर नारळ फोडणारे पाहुणे मधोमध आणि ज्याची गिरण तो माणूस निम्मा चौकटीबाहेर! गावाने त्यांना लाजाळू ठरवून टाकलं होतं. मला ते पटायचं नाही. सैन्यात नोकरी केलेला, पलटणीच्या संघातून कबड्डी खेळलेला, कशेळ्याच्या बाजारात भाताची गिरण टाकून भल्याभल्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करणारा माणूस फक्त फोटोवाल्यापुढेच लाजतो, हे कसं? मी जात्याच भोचक. आईला विचारलं.

"माणसाला कुठंतरी उभं ऱ्हायलाच लागतं ना गं?" ती म्हणाली. "ऱ्हातात तिकडं."

उत्तर मिळालं ते गावच्या कबड्डीच्या सामन्यांत. मी शाळेत होते. मैदानाच्या कडेला बाबांच्या शेजारी बसून बघत होते. बचाव करणारी पोरं दोघादोघांत हात धरून उभी होती, आणि अगदी उजव्या टोकाचा गडी पुढे वाकून, बाबा फोटोत उभे राहतात तसाच, जरासा तिरका उभा होता.

"बाबा, तुमी पण तिकडंच खेळायचात ना?"

"उजवा कोपरा," ते म्हणाले, आणि खूश झाले. मग त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला. "हे बघ. हात दाबला की थांबायचं. समोरचा आत येतोय, तर येऊ दे त्याला. हात सोडला की समज, मी झेप टाकली. मंग बघत बसायचं नाय, मागून यायचं. एकट्या कोपऱ्याला पकड जमत नाय गं."

त्यानंतर मला जिकडेतिकडे कबड्डीच दिसायला लागली. गिरणीतल्या बाकड्यावर बाबा उजव्या टोकाला, डावीकडे आई. व्यापारी भाताला नावं ठेवत सुटला की दोघंही गप्प. तो पुरता आत आला की बाबा आईचा हात सोडून उठायचे, आणि मग दोन्ही बाजूंनी त्याची अशी काही पकड व्हायची की बिचाऱ्याला चहा प्यायचंही सुचायचं नाही. मला बघायला एक स्थळ आलं होतं. "लग्नानंतर मुलीने नोकरी सोडायची," पाहुणे म्हणाले. मी तोंड उघडणार तोच बाबांनी माझा हात दाबला. पाहुण्यांना जोर चढला, त्यांनी आणखी अटी सांगून टाकल्या. मग हात सुटला, आणि आम्ही दोघंही बोललो. ते स्थळ मोडलं याचा मला आजही आनंद आहे.

पुढे बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

मी तेव्हा कर्जतला एका पतसंस्थेत नोकरीला होते. भाऊ रसायनीच्या कारखान्यात. त्याचं म्हणणं होतं, गिरण विकून टाकू, चालवणार कोण? ते गैरही नव्हतं. रस्त्यालगतची जागा, फार्महाऊसवाले टपलेलेच होते. बाबांना काहीही विचारलं तरी ते तशीच मान हलवायचे. भाऊ म्हणायचा, हो म्हणाले. आई म्हणायची, नाय म्हणाले. त्यांच्या उभ्या आयुष्याची गिरण त्यांच्यादेखत जाणार होती आणि त्यांच्या मनात काय आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. मला तर त्या प्रश्नाने झोप येईना. ते खरंच थकले असतील तर विकणंच बरं. पण थकले नसतील तर?

गिऱ्हाईक घरी आलं तेव्हा आम्ही बाबांना पडवीतल्या बाकड्यावर बसवलं. अर्थातच उजव्या टोकाला. मी त्यांच्या डावीकडे बसले आणि त्यांचा चांगला हात हातात घेतला, सहजच. गिऱ्हाईक बोलायला लागलं. गिरण पाडायची, कंपाउंड घालायचं, आंब्याची कलमं लावायची. बाबांनी माझा हात दाबला. मला वाटलं, भास असेल. मग त्याने पोहायच्या तलावाचं काढलं. बाबांनी पुन्हा दाबला, चांगला दुखेपर्यंत.

"मग नक्की समजू ना?" गिऱ्हाईकाने भावाला विचारलं.

हात सुटला. बाबा एका पायावर उठायला लागले. धड उभंही राहता येत नव्हतं, पण उठत होते. मी विचार केलाच नाही. त्यांच्या काखेत हात घातला, त्यांना उभं केलं आणि म्हणाले, "गिरण विकायची नाय."

"अगं, पण चालवणार कोण?" भाऊ म्हणाला.

"मी."

बोलून गेले आणि मग पतसंस्थेतली नोकरी आठवली. बाबा माझ्याकडे बघून अर्ध्या तोंडाने हसत होते. भाऊ थोडा वेळ रुसला, मग तोही हसला.

संध्याकाळी निघताना भावानेच मोबाइल काढला, म्हणाला, सगळे उभे राहा. मी आणि आईने बाबांना नेहमीसारखं टोकाला नेलं. ते जागचे हलेनात. डाव्या हाताने त्यांनी मला आपल्यापुढून ओढलं आणि पार उजव्या कडेला उभं केलं.

बाबा आता नाहीत. गिरण चालू आहे. तो फोटो गिरणीत लावलाय. त्यात टोकाला मी आहे, आणि माझ्या डाव्या हातात बाबांचा उजवा, काही न कळणारा हात. फोटो निघेपर्यंत मी तो दाबून धरला होता.