गोविंदाचा ठेका

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या गाण्याला वीस वर्षं तबल्याची साथ करणाऱ्या गोविंदाला मी घरी बोलावलं, तेव्हा नवा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माईकचा आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं यंत्र, जोडून पाहत होतो. "नुसतं टेस्टिंग आहे, चार ठेके वाजव," म्हणालो. "आधी चहा टाका बुवा, मग तुमचं यंत्र," तो हसला आणि तासभर वाजवत बसला. त्यानंतर त्याला बोलावलंच नाही. कार्यक्रमात मी त्या दिवशी त्याला न सांगता केलेलं रेकॉर्डिंगच लावतो.

आज रियाजाला ते लावलं. स्पीकरमधली थाप समोरच्या माईकने टिपली आणि इंटरफेसचा हिरवा दिवा लुकलुकला, जणू गोविंदा समोरच बसलाय. ठेका चुकत नाही. पण माझा श्वास तुटला, तरी आता तो थांबत नाही. गोविंदा सांभाळून घ्यायचा.

त्याच्या दारात जाऊन हे कबूल करणं अजून बाकी आहे.