साडूंची आकडेमोड

अक्षांश-रेखांश सांगता येत नसतील तर ती जागा जगात नाहीच, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. निवृत्तीनंतर माणसं तब्येतीच्या तक्रारी करतात. ह्या गृहस्थांनी कॉम्प्युटर शिकून वीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पत्ता घातला की नकाशावरचे आकडे बाहेर! सत्यनारायणाचं बोलावणंसुद्धा आम्हाला आकड्यांत आलं. एकदा फोनवर विचारलं, "कुठे आहात?" तर म्हणाले, "अठरा पॉइंट पाच..." अहो, म्हणजे कुठे? तर घरीच, अंघोळीला निघालेले!

अशा माणसाच्या हाती एका मंडळाने चाळीस पत्ते दिले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना घरपोच डबे द्यायचे होते. आता आपण पुणेकर पत्ता सांगतो तो जे उरलेलं नाही त्याच्यावरून. 'पूर्वीच्या गिरणीसमोर', 'पाडलेल्या थेटराच्या मागे'. स्क्रिप्टला काय कप्पाळ कळणार? पत्ता सापडला नाही की ती शहराच्या मधोमध एक ठिपका देऊन मोकळी. पहिल्याच दिवशी अकरा स्वयंसेवक अकरा डबे घेऊन मंडईजवळच्या एकाच चौकात एकमेकांकडे बघत उभे! साडू शांतपणे म्हणाले, "आकडे बरोबर आहेत. लोक भलतीकडे राहतात."

पण संध्याकाळी यादी पाहताना त्यांचा चेहरा उतरला. उपाशी राहिलेल्या अकरांत त्यांच्या शाळेतल्या गणिताच्या बाई होत्या. वय नव्वद, पत्ता 'मांजरी, उसाच्या फडाला लागून'. फड कधीच गेला, आता तिथे नुसत्या इमारती. दुसऱ्या दिवशी साडू स्वारगेटला बसमध्ये चढले ते डबा मांडीवर घेऊनच. दहा जणांना विचारत दारात पोचले, उंबऱ्यावर उभं राहून आधी आकडे टिपले, मग आपलं नाव आणि कालचा घोळ सांगितला. बाईंनी चष्म्यातून निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "काल चुकलास ना? हात पुढे कर." सत्तरीला टेकलेल्या साडूंनी निमूट हात पुढे केला. बाईंनी त्यावर अर्धी पोळी ठेवली.

आता तिथे डबा रोज बिनचूक जातो. तरी साडू दर गुरुवारी मांजरीला जातात, म्हणे आकडे तपासायला. मी एकदा छेडलंच, "अहो, इमारत काय जागची हलते?"

"इमारत नाही हो," ते म्हणाले. "डबेवाला घाईत असतो, दाराला अडकवून जातो. बाईंना दारापर्यंत यायला आता फार वेळ लागतो. आल्यावर समोर कुणीतरी असावं."