साहेबांचे कोरडे बूट

उद्या पुलासाठी नदी पाहायला नवे साहेब येणार, म्हणून गावचा डोंगा धुतला. ओल्या लाकडाच्या वासानं मला थेट जुन्या साहेबांपाशी नेलं.

तेव्हाही आम्ही पूलच मागत होतो. पावसाळ्यात अडलेली बाई दवाखान्यात पोचत नव्हती. पण पाहुणा भिजला तर गावाची अब्रू जाते! साहेबांना डोंग्यात गादीवर बसवलं, वर छत्री धरली. ते बसले तशी नदी हातभर फुगली, खोटं नाही सांगत. पलीकडे उतरून, कोरडे बूट निरखत ते म्हणाले, “सोय उत्तम आहे की! पूल कशाला?”

आमचे सरपंच सोमाभाऊ गोंधळून कुजबुजले, “काऊन गा, साहेबाले भिजू द्याचं होतं का?”

तेव्हा मी पोट धरून हसलो. आज गादी काखेत घेऊन डोंग्यापाशी उभा आहे. टाकू का नको, अजून समजून नाई राह्यलं.