डोहतळीची जत्रा आणि सिकंदराबादची खोली

इंदापूरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी ट्रंक स्वतः टपावर चढवली. शाळामास्तर माणूस, खाली उतरल्यावर हात झटकत म्हणाले, "बँकेची नोकरी हाय, त्यात भ्यायचं काय?" मी भ्याले आहे असं मी कुणाला सांगितलंच नव्हतं. आईनं दशम्यांचं फडकं पिशवीत कोंबलं आणि तिला आत एक कॅसेट दिसली.

"ही कशाला नेतीस मेले?"

"ऐकायला."

"एकटीनं?"

गाडी सुटली. आई तशीच माझ्याकडे बघत उभी राहिली.

पळसदेव या आमच्या गावातून जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि जे तिथंच राहिले, त्या सगळ्यांना मला या कॅसेटबद्दल सांगायचंय. नव्वदीची ती वर्षं. मी बारामतीला कॉलेजात होते आणि तिथं 'डोहतळीची जत्रा' नावाचं संगीत नाटक लागलं होतं. आई ते बघायला खास गावाहून आली. कथा आमचीच वाटावी अशी. धरणात गाव बुडतं, माणसं वर माळावर राहायला जातात, पण पाण्याखाली दरवर्षी जत्रा भरते आणि निघून गेलेल्यांना एकेकाला नावानं बोलावलं जातं. ओ दिली की माणूस संपला. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलेलं, त्यामुळं पडदा वर गेल्यापासूनच आईनं माझा हात धरून ठेवला होता.

बोलावणारी म्हातारी जी बाई करायची, तिच्यासारखं गाणं मी पुन्हा ऐकलं नाही. ती ओरडायची नाही, डोळे वटारायची नाही. पोराला जेवायला बोलवावं इतक्या मायेनं ती हाक मारायची आणि तीच मोठी पंचाईत होती. संबळ थांबायचा, पेटीचा एकच सूर चालू राहायचा आणि प्रत्येक प्रयोगात ती त्या गावात चालणारं एखादं नाव घ्यायची. बारामतीत तिनं घेतलं, "सुजाता". माझंच नाव. थेटरात दहा तरी सुजाता असतील. पण आईनं चटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"एका हाकेला ओ द्यायची न्हाय. माणूस असंल तर तीनदा बोलवंल."

हा तिचा जुना नियम. आमचं धम्म घेतलेलं घर. आबा नेहमी म्हणायचे, "आपल्याकडं भुतंखेतं न्हाईत, ती मागंच सोडली." आई "व्हय व्हय" म्हणायची आणि नियम पाळायची. मी शिकलेली, तरी माझीही पहिल्या हाकेला जीभ उचलत नसे.

नंतर कॅसेट निघाली, त्याच मंडळींनी गायलेली. बुडालेल्या जत्रेतल्या बत्ताशेवाल्यांचं आणि पाळणेवाल्यांचं गाणं असं ठेक्याचं की पाय हलतो, आणि मग लक्षात येतं की गाणारे सगळे मेलेले आहेत. शेवटचं गाणं म्हातारीचं. "ये गं ये, पाणी उबदार हाय..." आणि नावाच्या जागी काहीच नाही, नुसता तिचा श्वास. कॅसेटवर कुठल्या गावाचं नाव घेणार? ती जागा रिकामी सोडायचं ज्याला सुचलं त्याला माझा दंडवत, कारण ऐकणारा तिथं आपलंच नाव घालतो.

सिकंदराबादच्या वर्किंग विमेन्स हॉस्टेलात मी ती रोज लावायचे. तुम्ही म्हणाल, आधीच भित्री आणि वर हे! पण तिथं मला सगळ्याचीच भीती वाटायची. काउंटरवर तेलुगूत काही विचारलं तर? चेकवरची सही ओळखायला चुकले तर? खोलीला कुणी बाहेरून कडी घातली तर? तिथल्या दखनी बोलीतलं 'हौ' आणि 'नक्को' एवढंच बोलायला शिकले होते. त्या सगळ्यात म्हातारीची भीती तेवढी माझ्या भाषेतली, ओळखीची.

एका संध्याकाळी वीज गेली. रूममेट गावाला गेलेली. टेपरेकॉर्डर बंद पडला, नेमका त्या श्वासाशी, आणि खालून जिन्यातून लांबट हाक आली, "सुजाताऽ". एकदाच. मी पलंगाच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसले. पुन्हा कुणी बोलावलं नाही.

सकाळी वॉचमन यूसुफचाचा म्हणाले, "कल तुम्हारे घर से फोन था. आवाज दिया, तुम आए नै."

फोन! त्या काळी घरचा फोन म्हणजे वाईट बातमी. घरी फोन नव्हता, उलटा लावणार कुठं? आबा गेले असतील, आई पडली असेल, नाही नाही ते डोळ्यांपुढं आलं. बँकेत आकडे दिसेनात. दुपारी ठरवून टाकलं, नोकरी गेली खड्ड्यात, रात्रीच्या गाडीनं घरी. हॉस्टेलवर येऊन ट्रंक भरायला घेतली आणि खालून हाक आली. सुजाता. मी मोजली, एक. सुजाता! मग तिसरी, वैतागलेली, "ओ सुजाताबाई!"

मी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली गेले. यूसुफचाचा रिसीव्हर हातात धरून कपाळाला आठ्या घालून उभे होते. "अम्मा बोले तीन दफे बुलाओ बोलके, एक दफे में आती नै बोले. कैकू जी?"

फोनवर आईच होती, हायवेवरच्या एसटीडी बूथमधून. "आगं, पाणी उतरलंय. जुनं देऊळ दिसाया लागलंय. तुला सांगावं म्हणून कालबी फोन केलता."

मला रडू फुटलं. म्हटलं, "आई, मी नोकरी सोडून येते."

ती म्हणाली, "ये की. दार काय लावलंय व्हय? पर भिऊन यिऊ नगं. कटाळा आला तर ये. भिऊन आलेलं माणूस घरात बी भीतच ऱ्हातंय."

ट्रंक पुन्हा रिकामी केली. कंटाळा काही आला नाही, नोकरी टिकली, पुढं लग्न होऊन तिथंच दोन खोल्यांचं घर झालं. उन्हाळ्यात गावी गेले की आई दारातच विचारायची, "भिऊन का कटाळून?" आणि मी म्हणायचे, "रजा टाकून."

गेल्या साली आबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपून मी परत आले. मग एका रविवारी फोन वाजला. आई म्हणाली, "सुजे, हितं लई कटाळा आलाय बघ. तुझ्याकडं यिऊ का?"

आईला कधी कशाचा कंटाळा आलेला मी पाहिलेला नाही. रिकाम्या घरात एकटीचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक होतं. पण 'भिऊन का कटाळून?' असं मी तिला विचारलं नाही. म्हटलं, "ये. दार उघडंच आहे."